मागच्या सीटवरचं वजन

ते साल १९८४ होतं. आमचा मुलगा डॅरल जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि माझ्या नवऱ्याच्या, थर्मनच्या मोटरसायकलला वळणावर डोलायची खोड लागली होती. डावं वळण आलं की गाडी आत झुकायला कुरकुर करायची आणि झुकली की मागचं चाक शेपटीसारखं हलायचं. उजव्या वळणावर काही नाही. फक्त डाव्या.

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते आणि शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होते. थर्मन लाकडाच्या गिरणीत करवतीच्या पात्यांना धार लावायचा. पट्ट्यासारखं गोल फिरणारं चाळीस फूट लांबीचं पातं असायचं. त्यावरून बोट फिरवून तो कुठला दात केसभर वाकला आहे ते सांगायचा. असल्या माणसाला आपल्याच गाडीतला दोष सापडू नये, ही गोष्ट त्याला आतून खात होती.

आमचं गाव नॉर्थ कॅरोलायनाच्या अगदी पश्चिम टोकाला. गावातून निघालेला रस्ता हॉक्स गॅपच्या खिंडीतून टेनेसीत उतरतो. गाव ते खिंड नऊ मैल, आणि त्या नऊ मैलांत दोनशेच्या वर वळणं. रविवारी चर्च सुटलं की आम्ही दोघं मोटरसायकलवरून खिंडीत जायचो. वर जॅरेटचं दुकान होतं. तिथे सफरचंदाचं सारण भरून तळलेली पाय खायची, एकेक थंड बाटली प्यायची आणि परत यायचं. लग्नानंतर दोन वर्षांत सुरू झालेला हा नेम पाळणा, आजारपण, गिरणीतला संप, सगळ्यांतून टिकला होता. डॅरलनंतर चार महिने बंद पडला, मग पुन्हा सुरू झाला. का सुरू झाला ते आम्ही एकमेकांना विचारलं नाही. एका रविवारी थर्मनने गाडी बाहेर काढली आणि मी जाऊन मागे बसले.

घरात आम्ही बोलायचो ते मिठाचं, पावसाचं, दाराच्या बिजागरीचं. एकाच पलंगावर झोपायचो, पण मध्ये हातभर जागा राहायची. गाडीवर तशी जागा राहूच शकत नाही. आठवड्यातले ते तीन तास माझे गुडघे त्याच्या कमरेला लागलेले असायचे. मला त्याने आनंद होत होता असं मी म्हणणार नाही. त्या दोन वर्षांत मला कशानेच काही होत नव्हतं. हात भाजला तरी कातडी लाल झालेली दिसायची तेव्हा कळायचं. पण ते तीन तास गेले तर आमच्यात काहीच उरणार नाही, एवढं मात्र मला कळत होतं.

डॅरलही त्याच रस्त्यावर गेला. तेवीस वर्षांचा होता. त्याची गाडीही त्याच जातीची, जुनी आणि तशीच जड. सहाव्या मैलावर एक उजवं वळण आहे. त्या वळणावरून तो बाहेर फेकला गेला आणि रस्ता ओलांडून डावीकडच्या बीचच्या झाडावर आदळला. त्या झाडापासूनच पुढचं डावं वळण सुरू होतं; वळताना झाड आतल्या अंगाला, अरुंद रस्त्यामुळे अगदी जवळ येतं. शेरिफच्या माणसाने सांगितलं, रस्त्यावर खडी होती आणि वेग जास्त होता. थर्मनने ऐकून घेतलं. पण आदल्या दिवशी आमच्या अंगणात डॅरलच्या गाडीच्या हँडलचं बेअरिंग त्याने स्वतः आवळलं होतं. मी खिडकीतून पाहिलं होतं. अपघातानंतर मोडकी गाडी भंगारवाल्याच्या आवारात पडून होती, तिथे तो तीन संध्याकाळ गेला. भंगारवाल्याची बायको माझ्याबरोबर शाळेत कामाला होती. ती म्हणाली, तो नुसता उकिडवा बसतो आणि ते वाकलेलं हँडल इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवतो. त्यानंतर त्याने डॅरलचं नाव घेतलं नाही. मीही नाही.

म्हणून आमच्या गाडीने डोलायला सुरुवात केली तेव्हा तो तिच्या मागे हात धुऊन लागला. आधी दोन्ही टायर बदलले. मग हँडलचं बेअरिंग काढून नवं घातलं. पुढचं चाक उचलून हँडल एका बाजूला सोडायचं आणि ते किती वेळा झोके घेऊन थांबतं ते मोजायचं, असं दोन शनिवार चाललं. मागच्या शॉकअॅब्सॉर्बरमध्ये हवा भरायची सोय होती. तो प्रत्येक रविवारी हवा थोडी कमी-जास्त करायचा आणि जॅरेटच्या दुकानासमोर उतरल्यावर पेन्सिलीने कॅलेंडरच्या कागदावर लिहून ठेवायचा. मागचं चाक धरणाऱ्या फोर्कचे बुश बदलले. डावीकडेच का, म्हणून सांगाडा वाकडा आहे का ते पाहायला दोन्ही चाकांच्या बाजूने दोऱ्या ताणून गाडी अंगणात आठवडाभर उभी केली. सांगाडा सरळ होता.

त्याची थोरली बहीण ओझेला शेजारीच राहायची. ती कुंपणाशी येऊन हे सगळं बघायची. बायकोच्या गुडघ्याला दोन वर्षं मलम आणून देत नाहीस आणि या धुडाला रोज तेलपाणी, म्हणून त्याला टोचायची. मला म्हणायची, नेल्डा, तू पण अंगावर दोन पत्रे ठोकून घे, मग तुझ्याकडे पाना घेऊन येईल. मी हसायचे, म्हणजे तोंड तसं करायचे.

एकटा असताना गाडी डोलत नव्हती, हे त्याला माहीत होतं. त्यात त्याला नवल वाटलं नाही. आठशे पौंडांच्या गाडीवर मागे आणखी एक माणूस बसलं की मागची बाजू दबणार आणि पुढचं चाक हलकं होणार. तो म्हणायचा, वजनाचा दोष नसतो, वजन न पेलणाऱ्या गाडीचा असतो. माझ्या वजनाबद्दल त्याने कधी एक शब्द काढला नाही.

ऑगस्टमधल्या दुसऱ्या रविवारी पाचव्या मैलावर गाडी डाव्या वळणात झुकायलाच तयार होईना. ती सरळ बाहेरच्या कडेला निघाली, थर्मनने जोर करून आत ओढली, तर इतकी डोलली की पाय ठेवायचा फूटबोर्ड रस्त्याला घासून ठिणग्या उडाल्या आणि आम्ही पिवळी रेघ ओलांडून पलीकडे गेलो. समोरून ओंडक्यांचा ट्रक येत होता. ट्रकवाल्याने बाहेर घेतलं म्हणून निभावलं. मी मान वळवली तेव्हा मला ट्रकच्या बंपरवरचा चिखल दिसला. भीती वाटायला हवी होती, असं मनात आलं, एवढंच.

वर पोचल्यावर थर्मनने सफरचंदाची पाय मागवली नाही. दुकानाच्या पायरीवर बसून तो हातमोज्याची बोटं एकेक करून ओढत राहिला.

"मेरीव्हिलचा एक माणूस विचारत होता गाडीबद्दल," तो म्हणाला. "ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी ये म्हणून सांगतो त्याला."

"आणि मग?"

"मग काय. पिकअप आहे की."

"पिकअपमधून खिंडीत यायचं?"

"कशाला यायचं," तो म्हणाला. मग हातमोजे खिशात कोंबले. "व्हर्लिनच्या डोक्यात एक चाललंय. तो एक दांडा बनवतोय. शेवटचं ते करून बघू. नाही जमलं तर संपलं."

परत येताना तो इतक्या हळू चालवत होता की मागे गाड्यांची रांग लागली.

व्हर्लिन क्रिस्पचं गॅरेज गावाबाहेर ओढ्याला लागून होतं. आमच्या भागातल्या सगळ्या जड गाड्या त्याच्याकडेच यायच्या. या गाड्यांचं इंजिन रबराच्या ठोकळ्यांवर बसवलेलं असतं, हादरे लागू नयेत म्हणून. आणि मागचं चाक त्या इंजिनाला धरून असतं. व्हर्लिनचं म्हणणं असं, की रबर दबलं की चाकही किंचित तिरकं होतं आणि गाडी मागूनच वळायला बघते. त्यावर इलाज म्हणून त्याने आणि थर्मनने मिळून वीतभर लांबीचा पोलादी दांडा काढला होता. एक टोक इंजिनाला, दुसरं सांगाड्याला. इंजिन वरखाली हलेल, पण बाजूला सरकणार नाही. थर्मनने त्याची दोन्ही टोकं गिरणीत स्वतः घासून दिली होती. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गाडी व्हर्लिनकडे ठेवली.

शुक्रवारी शाळेतून येताना मी तिथे थांबले. थर्मनने दांड्याचे बोल्ट माझ्याजवळ दिले होते. व्हर्लिन बाहेर बाकावर मक्याची भाकरी ताकात कुस्करून खात बसला होता. मी बोल्ट दिले. त्याने ते खिशात टाकले आणि मला बसा म्हणाला. तो माझ्याहून वयाने मोठा, पण आमच्याकडच्या रीतीने, लग्न झालेली असूनही, त्याच्या तोंडी मी कायम आदराने मिस नेल्डाच.

गाडी आत उभी होती. तिच्या मागच्या सीटवर कोंबड्यांच्या खाद्याची दोन पोती एकावर एक दोरखंडाने बांधलेली होती.

"हे काय?" मी विचारलं.

"ही तुम्ही," व्हर्लिन म्हणाला. "एकशे तीस पौंड. तुमचं वजन विचारायची आपली टाप नाही, म्हणून अंदाजाने घेतलं. चुकलं असेल तर माफी."

तो वाडगा बाजूला ठेवून मिशा पुसत राहिला.

"काल गेलो होतो खिंडीत, या दोघांना घेऊन. जाताना, येताना. सगळी डावी वळणं घेतली. थर्मन घेतो त्याच्यापेक्षा जोरात घेतली."

"मग?"

"लोण्यातून सुरी जावी तशी गेली, मिस नेल्डा."

"दांडा चांगला निघाला म्हणायचा."

व्हर्लिनने हनुवटीने आतल्या टेबलाकडे खूण केली. दांडा तिथे तेलाच्या कागदावर पडलेला होता. बोल्ट तर त्याच्या खिशात होते.

ओढ्याचा आवाज येत होता. पलीकडे कुणाचा तरी कुत्रा साखळी ओढत होता. मला सगळं ऐकू येत होतं आणि कुठे नेऊन ठेवावं ते कळत नव्हतं.

"वजन तेवढंच," तो म्हणाला. "जागा तीच. फरक एकच. पोत्याला डोळे नसतात. तुम्ही डाव्या वळणावर काय करता?"

मी म्हटलं, काही करत नाही, बसते. तो म्हणाला, बसून दाखवा. त्याने पोती सोडली आणि गाडी दोन बाजूंनी ठोकळे लावून उभी केली. मी चढले, तो पुढे बसला. म्हणाला, समजा आपण सहाव्या मैलावर आहोत. आता उजवं संपलं. आता डावं येतंय.

त्याने मागे वळून पाहिलं. मग म्हणाला, "आता स्वतःकडे बघा. हलू नका, नुसतं बघा."

माझं तोंड उजवीकडे वळलं होतं. नुसतं तोंड नाही. उजवा खांदा मागे गेला होता, उजव्या हाताने मी बाजूची दांडी घट्ट धरली होती आणि उजवा पाय फूटबोर्डवर इतका दाबला होता की टाच दुखत होती. तो बोलेपर्यंत डोळेही मी मिटलेले होते. गॅरेजमध्ये, उभ्या गाडीवर.

ते झाड बघायचं नाही, म्हणून मी पहिल्याच रविवारी तोंड फिरवलं होतं. ते आठवत होतं. पण पुढे सगळीच डावी वळणं मला त्या एका वळणासारखी झाली आणि मी सगळीकडे तेच करायला लागले, हे मला माहीत नव्हतं. तो सगळी ताकद लावून गाडी डावीकडे झुकवायचा आणि मी मागून सगळी ताकद लावून ती उजवीकडे ओढायचे. दोन वर्षं. त्या ट्रकसमोरसुद्धा.

व्हर्लिन खाली उतरला. माझ्याकडे न बघता तो दोरखंडाची गुंडाळी करत राहिला. "आतल्या खांद्यावरून बघायचं असतं," तो म्हणाला. "डावं वळण, तर त्याच्या डाव्या खांद्यावरून. बाकी काही करावं लागत नाही. डोकं गेलं की अंग आपोआप जातं. पण मग तुम्हाला ते दिसणार."

"माहीत आहे."

"मी सांगू त्याला, की तुम्ही सांगता?"

मी विचार केला. थर्मनला सांगायचं म्हणजे डॅरलचं नाव घ्यावं लागणार. ते घेतलंही असतं. पण सांगून काय सांगायचं, की गाडीत काही नव्हतं? बेअरिंग, टायर, हवा, दोऱ्या, सगळं फुकट? मग त्याच्या हातात काय राहणार, तर पुन्हा ते भंगारातलं वाकलेलं हँडल. पातं चाचपून वाकलेला दात सांगणारा माणूस तो; त्याला एक तरी दोष सापडायला हवा होता.

"दांडा बसवणार ना?" मी विचारलं.

"सांगितलंय तर बसवणार. नुकसान काही नाही त्याने. थोडा फायदाच आहे."

"मग बसव. आणि रविवारपर्यंत गप्प राहा."

"रविवारनंतर?"

"रविवारनंतरही राहा."

त्याने मान हलवली आणि खिशातले बोल्ट काढून तळहातावर मोजले.

रविवारी प्रवचन लांबलं. बाहेर आलो तेव्हा डोंगर तांबडे-पिवळे व्हायला लागले होते आणि मेरीव्हिलचा माणूस पुढच्या शनिवारी येणार होता. थर्मनने गाडी सुरू करायच्या आधी वाकून त्या दांड्याला एकदा बोट लावलं. मी मागे बसले.

पहिल्या डाव्या वळणावर मी त्याच्या डाव्या खांद्यावरून पाहिलं. त्याच्या कोटाच्या कॉलरवर एक सुटलेला दोरा होता, पलीकडे रस्ता. गाडी झुकली. दुसऱ्याला मान उजवीकडे जायला लागली, ती मी परत आणली. तिसऱ्या मैलापर्यंत मानेला रग लागली होती. थर्मनची पाठ किंचित सैल झाल्याचं मला गुडघ्यांना कळलं. चौथ्या मैलापासून तो नेहमीच्या वेगाने चालवायला लागला, डॅरलच्या आधी चालवायचा तसा.

सहाव्या मैलावरचं उजवं वळण आलं, संपलं, आणि झाड समोर आलं. मी डोळे उघडे ठेवले. दोन वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं. खोडावर साल निघालेली जागा होती, तिची कड आता भरून जाड झाली होती. मुळाशी कुणीतरी फेकलेला कागदी पेला पडला होता. पानं पिवळी होती. झाड माझ्या डाव्या बाजूने, अगदी जवळून गेलं. मी रडेन असं वाटलं होतं, नाहीतर किंचाळेन. काही झालं नाही. गाडी वळणातून अलगद बाहेर आली आणि पुढचं वळण आलं.

वर जॅरेटच्या दुकानासमोर थर्मनने गाडी बंद केली आणि तो तिच्याभोवती एक फेरी मारून आला. मग सफरचंदाच्या दोन पाय आणि दोन बाटल्या घेऊन पायरीवर बसला. अर्धी पाय खाऊन झाल्यावर म्हणाला, "दांडाच होता तर."

"दांडाच होता," मी म्हटलं.

"दोन वर्षं समोर होतं आणि मला दिसलं नाही. गाडी घेतानाच त्यांनी तो लावून द्यायला हवा. या सगळ्याच गाड्यांमध्ये आहे हा दोष. जुन्यांमध्ये तर जास्तच." तो पायच्या कागदाची घडी घालत होता. घडीवर घडी. "डॅरलच्या गाडीलाही लागला असता."

दोन वर्षांनी ते नाव त्याच्या तोंडून आलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. तेव्हा मी खरं सांगू शकले असते. तशी वेळ पुन्हा येणार नाही, हेही मला कळत होतं.

"तेव्हा कुणाला माहीत होता हा दांडा?" मी म्हटलं. "तुला नाही, व्हर्लिनला नाही. कारखान्यालाही नाही."

"नाही," तो म्हणाला. "कुणालाच नव्हतं."

"मग?"

त्याने उरलेली पाय खाल्ली. माझी राहिली होती, ती पण खाल्ली. खाली उतरताना त्याने मेरीव्हिलच्या माणसाला फोन करून नको म्हणून सांगायचं ठरवून टाकलं, आणि तसं सांगितलंही.

त्यानंतर आम्ही अकरा वर्षं खिंडीत गेलो. झाड मी प्रत्येक वेळी पाहिलं. कधी मला काहीतरी वाटेल म्हणून वाट पाहायचे, ते पुढे सोडून दिलं.

ओझेला १९८९ मध्ये गेली. शेवटच्या आजारात तिने थर्मनला सांगितलं, की मी सगळा जन्म तुला टोचत आले, आता तुझं कसं होणार. तो म्हणाला, होईल कसंबसं.

थर्मनने गिरणीतल्या फावल्या वेळात तसले अठरा दांडे बनवले आणि ज्यांच्याकडे त्या जातीची जड गाडी होती त्यांना नेऊन दिले. कुणी वळणावर गेलं असं ऐकलं की तो विचारायचा, दांडा होता का. लाकडाच्या भुश्शाने त्याची फुप्फुसं गेली. १९९६च्या मार्चमध्ये तो घरीच वारला. हँडलच्या बेअरिंगबद्दल तो शेवटपर्यंत बोलला नाही. झोप मात्र त्याला त्या रविवारनंतर लागायला लागली होती, आणि पलंगावरची जागा कमी झाली होती. नाहीशी झाली नाही.

गाडी व्हर्लिनने घेतली. बारा वर्षं चालवली आणि मग त्याच्या नातीला दिली. शब्द दिला होता तसा तो गप्प राहिला. २००९ साली हॉस्पिटलमध्ये मी त्याला भेटायला गेले, तेव्हा खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी आम्ही ताकाबद्दल बोललो. त्यानंतर आठवड्याने तो गेला.

मी अठ्ठ्याऐंशीची आहे. त्याच घरात राहते. व्हर्लिनची नात अधूनमधून गाडी घेऊन येते आणि आजी, बसतेस का मागे, म्हणून चिडवते. मी नको म्हणते. मान आता डावीकडे वळत नाही, असं सांगते, आणि डॉक्टरांचंही तेच म्हणणं आहे.